बस अडते आहे, दार कुणाचे ठोठावायचे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: बेळगावात अनगोळच्या बाजूला राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांच्या घरासमोर जुन्या गोदामाच्या जागेवर मोठी इमारत उभी राहते आहे, खाली दुकाने आणि वर फ्लॅट. बसथांबा इमारतीच्या फाटकासमोर येत होता म्हणून तो ‘तात्पुरता’ पुढे सरकवला. तिथे ना निवारा, ना उभे राहायला जागा. वाळू-खडीच्या ट्रकमुळे सकाळची सिटी बस अडते, कॉलेज रोडवरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा पहिला तास बुडतो आणि सासूबाईंना सिव्हिलला न्यायचे तर रिक्षाला पैसे मोजावे लागतात. लोक राहायला आल्यावर काय होईल, या काळजीने गल्लीने अर्ज तयार केला आहे: ‘महापालिकेने इमारतीची परवानगी रद्द करावी, नाहीतर बिल्डरकडून पैसे घेऊन या मार्गावर जादा बस सोडाव्यात.’ नगरसेवक म्हणतात, ‘बस आमच्या हातात नाही.’ ते बिल्डरला फितूर झाले, असे गल्लीचे मत आहे. अमेरिकेतला भाचा फोनवर सांगतो, ‘आमच्याकडे बिल्डरकडून सगळे वसूल करतात.’ त्यातच धाकट्या दिराने याच इमारतीत फ्लॅट बुक केला आहे आणि तो म्हणतो, ‘वहिनी, तुम्हीच आमच्या घरावर उठणार का?’ बाई विचारतात, ‘सही केली तर घरात अबोला, नाही केली तर गल्लीत. मी काय करू?’

ताई,

अर्ज आहे तसाच राहणार असेल, तर सही करू नका. मात्र दिराकडे बघून थांबा, असे मी म्हणत नाही. अर्जातली पहिली मागणी महापालिकेला कायद्याने सहसा मान्य करता येत नाही आणि दुसरी तिच्या अखत्यारीतलीच नाही. गल्लीने घरोघर फिरून सह्या गोळा करायच्या, आयुक्तांच्या दालनाबाहेर ताटकळायचे आणि ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल’ एवढे एक वाक्य घेऊन परतायचे, हे तुमच्या वाट्याला येऊ नये असे मला मनापासून वाटते. तुमचा त्रास खरा आहे, आणि त्यातला बराचसा दूर होण्यासारखा आहे. फक्त कोणती गोष्ट कोणाकडे मागायची आणि केव्हा मागायची, हे आधी लावून घेऊ.

सुरुवात नगरसेवकांच्या वाक्यापासून करते. ‘बस आमच्या हातात नाही’ हे तुम्हाला अंग काढून घेणे वाटले. तसे वाटण्याला आपल्याकडे एक जुने कारण आहे. आपली निम्मी नातीगोती कोल्हापुरात, आणि तिथली शहर बस, केएमटी, महापालिकेची. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात परिवहन उपक्रम आहे, त्यासाठी परिवहन समिती आहे, त्यामुळे बस आली नाही की कोल्हापूरकर नगरसेवकाला धरतो आणि ते बरोबरच आहे. बेळगावात तसे नाही. इथली सिटी बस वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाची. हे महामंडळ १९९७ साली वेगळे झाले, मुख्यालय हुबळीला, आणि बेळगावसह धारवाड, उत्तर कन्नड, बागलकोट, गदग, हावेरी असे सहा जिल्हे त्याच्याकडे. किती गाड्या द्यायच्या, कोणत्या मार्गावर किती फेऱ्या करायच्या, हे महामंडळ आणि त्याचे बेळगावचे विभागीय नियंत्रक ठरवतात. महापालिकेच्या सभेने ‘अनगोळला बस वाढवा’ असा एकमताने ठराव केला तरी तो विनंतीच ठरतो. तेव्हा नगरसेवक या बाबतीत खोटे बोललेले नाहीत.

पण ते अर्धेच बोलले. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली आणि शहरांकडे सोपवता येतील अशी अठरा कामे तिच्यात लिहिली. त्यातले सतरावे काम बघा: रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे आणि सार्वजनिक स्वच्छतागृहे यांसारख्या सोयी. शहरासाठी लिहिलेल्या कामांत बसथांबा आहे, बस नाही! नगररचना आहे, जमिनीचा वापर आणि इमारतींच्या बांधकामाचे नियमन आहे, रस्ते आणि पूल आहेत, पण सार्वजनिक वाहतूक चालवणे नाही. शिवाय यातले काय आणि किती द्यायचे हे घटनेने राज्यावर सोडले आहे. तुमच्या गल्लीच्या त्रासाचे मूळ मला इथे दिसते. इमारतीला परवानगी देणारे एक, तिच्यामुळे अडणारी बस चालवणारे दुसरे, आणि दोघांना एका टेबलावर बसवायची सक्ती कोणावरच नाही. बेंगळुरूसाठी राज्याने २०२२ साली वाहतुकीच्या एकत्रित प्राधिकरणाचा कायदा केला. बेळगावला तसे काही नाही. शेजारच्या हुबळी-धारवाडला बीआरटीएस, म्हणजे राखीव मार्गिकेवरची जलद बस, आली तीही महापालिकेच्या बळावर नव्हे, त्यासाठी वेगळी कंपनी काढावी लागली.

आणखी वाटेकरी आहेत. दुतर्फा लागणाऱ्या गाड्या, नो-पार्किंग, एकेरी वाहतूक, ट्रकना दिवसा बंदी हे वाहतूक पोलिसांकडे. बेळगावला २०१४ पासून पोलीस आयुक्तालय आहे, म्हणजे अर्ज आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेत जायला हवा. रिक्षांचे परवाने प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटवर बस खोळंबते ती नैऋत्य रेल्वेच्या वेळापत्रकामुळे. महामार्गाचा तुकडा आला की महामार्ग खाते. ले-आऊट आणि शहराचा बृहत् आराखडा बुडाकडे, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे, तर इमारतीचा नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागाकडे. तुम्ही सकाळी मुलीला बसमध्ये बसवता आणि ती कॉलेजला उतरते, तेवढ्या वाटेत यातली बहुतेक सगळी कार्यालये येऊन जातात.

आता ‘परवानगी रद्द करा’ या मागणीकडे येऊ. आराखड्यात ती जागा निवासी किंवा व्यापारी वापराची असेल आणि नकाशा नियमांत बसत असेल, तर ‘रहदारी वाढेल’ एवढ्या एका कारणावर आयुक्तांना परवानगी अडवता येत नाही. नकार कोणत्या कारणांनी द्यायचा हे कायद्याने बांधून दिले आहे. दिलेली परवानगी काढून घ्यायची तर फसवणूक, चुकीची कागदपत्रे, नकाशाबाहेरचे बांधकाम असे काहीतरी सिद्ध व्हावे लागते. नाहीतर बिल्डर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जाईल आणि आदेश घेऊन येईल. महापालिकेने आपल्या हातात नसलेले काम हातात असल्यासारखे केले तर काय होते, हे बेळगावने पाहिले आहे. शहापूर भागात भूसंपादन न करताच खासगी जागेतून रस्ता काढला गेला. ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ साली कोट्यवधींच्या भरपाईचा प्रश्न महापालिकेच्या दारात उभा राहिला. असा पैसा शेवटी आपल्याच घरपट्टीच्या तिजोरीतून जातो.

‘बिल्डरकडून बससाठी पैसे घ्या’ ही मागणी मला तत्त्वतः पटते. ज्याच्या इमारतीमुळे रस्त्यावर भार येतो त्याने तो थोडा उचलावा, यात गैर काही नाही. पण घटनेचे २६५वे कलम सांगते की कायद्याचा आधार असल्याशिवाय कर बसवता येत नाही. विकास शुल्काचे प्रकार राज्याच्या कायद्याने ठरलेले आहेत. महापालिकेने सभेत हात वर करून ‘या बिल्डरने अमुक लाख बससाठी द्यावेत’ असे ठरवले तर ते टिकणार नाही.

भाच्याचे म्हणणे चूक नाही, अपुरे आहे. ब्रिटनमध्ये १९९०च्या नगररचना कायद्याच्या १०६व्या कलमाखाली विकासकाशी करार करून बससाठी पैसे घेता येतात. अमेरिकेतही शहरे अटी घालतात, पण त्यांनाही मर्यादा आहे, आणि ती त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने घातली आहे. ऑरेगन राज्यात टायगार्ड नावाचे गाव आहे. तिथे प्लंबिंग आणि विजेच्या सामानाच्या दुकानाच्या मालकीणबाईंना दुकान वाढवायचे होते. गावाने अट घातली की ओढ्याकाठची पूररेषेतली जमीन सोडा आणि शेजारची एक पट्टी पायवाट-सायकलवाटेसाठी द्या, कारण दुकान वाढले की रहदारी वाढणार. १९९४ साली निकाल लागला तो बाईंच्या बाजूने. न्यायालयाने म्हटले की अट आणि होणारा परिणाम यांचे माप साधारण जुळले पाहिजे आणि ते जुळते हे दाखवायची जबाबदारी शहराची. ‘सायकलवाटेमुळे रहदारी कमी होऊ शकेल’ एवढे म्हणणे पुरले नाही. त्या गावातली बसही गाव चालवत नाही. पोर्टलंड परिसराची वेगळी परिवहन संस्था चालवते. हे सगळे सांगते आहे ते एवढ्यासाठी की तुमचे नगरसेवक फितूर आहेत की नाहीत याचा निवाडा ‘बस हातात नाही’ या एका वाक्यावर करू नका. तो करण्याची जागा दुसरी आहे, तिच्याकडे मी येतेच.

त्याआधी एक प्रश्न, आणि तो राग न मानता वाचा. तुमची बस नेमकी कशाने अडते? पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. तुम्ही लिहिलेल्या अडचणी सगळ्या आजच्या आहेत: रस्त्यावर टाकलेली खडी, ऐन गर्दीच्या वेळेचे ट्रक, निवाऱ्याविना सरकवलेला थांबा. यातली एकही अडचण फ्लॅटमध्ये राहायला येणाऱ्या माणसांनी केलेली नाही. ती उद्या येतील. आली की काही कुटुंबांकडे चारचाकी असेल, बहुतेकांकडे दुचाकी, पण त्यांच्या मुलीही कॉलेजला जातील आणि त्यांच्याही सासवा सिव्हिलला जातील. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे, म्हणून आपल्या बस आधीच भरून वाहतात. बसच्या मार्गावर राहायला आलेल्या बायका बसमध्ये चढतील, आणि प्रवासी वाढल्याशिवाय महामंडळ फेरी वाढवत नाही.

हीच कुटुंबे इथे आली नाहीत तर कुठे जातील, तेही बघा. येळ्ळूरच्या वाटेला, कंग्राळीकडे, मच्छेच्या पुढे शेतात पडलेल्या प्लॉटवर घर बांधतील. तिथे बस दिवसातून मोजक्या वेळा. मग घरटी दोन दुचाक्या, आणि त्या दुचाक्या रोज सकाळी शहरात यायच्या त्या अशाच रस्त्यांवरून. शहर सगळ्या बाजूंनी शिवारात पसरत जाते, पिकाऊ जमीन जाते, आणि रहदारी कमी होत नाहीच. बसच्या वाटेवर चार मजले उभे राहणे, हे शहराच्या दृष्टीने वाईट नाही असे माझे प्रामाणिक मत आहे. खालची दुकाने मात्र मला खुपतात. फ्लॅटपेक्षा दुकानांपुढे लागणाऱ्या गाड्याच तुमची बस अडवतील, आणि तिथे महापालिकेचे हात अजिबात बांधलेले नाहीत.

महापालिका बसच्या बाबतीत दुबळी आहे, पण पार्किंगच्या बाबतीत बळकट आहे, आणि आपण नेमके उलटे मागत बसतो. या शहरात किती इमारतींच्या नकाशात तळघर ‘पार्किंग’ म्हणून रंगवलेले आहे आणि प्रत्यक्षात तिथे दुकान, गोदाम नाहीतर क्लास भरतो, ते तुम्हीही बघत असाल. ती गाडी मग रस्त्यावर येते, आणि बस तिच्यामागे उभी राहते. म्हणून गल्लीने पहिली मागणी करावी ती मंजूर नकाशाची. १७ डिसेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने बांधकामांबाबत देशभरासाठी निर्देश दिले. बांधकाम चालू असेपर्यंत मंजूर नकाशा जागेवर लावलेला असला पाहिजे, हा त्यातला एक. तुमच्या समोरच्या पत्र्याच्या कुंपणावर तो आहे का? नसेल तर तीच पहिली लेखी तक्रार. असेल तर दोघी-तिघींनी जाऊन फोटो काढा आणि गल्लीत कोणी सिव्हिल इंजिनियर असेल त्याच्याकडून वाचून घ्या. पार्किंग किती गाड्यांचे आणि कुठे, आत-बाहेर जायचे फाटक कोणत्या बाजूला, आणि समोरचा रस्ता नकाशात किती रुंद दाखवला आहे, हे बघा. रस्त्याची रुंदी नुसती वाचू नका, टेप घेऊन मोजा. किती बांधकाम करता येईल हे रस्त्याच्या रुंदीवरही ठरते. कागदावरचा रस्ता आणि पायाखालचा रस्ता यांत फरक निघाला, तर तुमच्या हातात रहदारीच्या तक्रारीपेक्षा फार वजनदार मुद्दा आला. नकाशा दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

वेळेचे भान इथे सगळ्यात महत्त्वाचे आहे. बांधकाम पूर्ण झाल्यावर राहायला परवानगी देणारा दाखला महापालिका देते, आणि वरच्या निर्देशांनुसार तो दाखला हाती येईपर्यंत ग्राहकांना ताबा देता येत नाही, कायमची वीज, पाणी, ड्रेनेजची जोडणीही देता येत नाही. हा दाखला म्हणजे महापालिकेचा शेवटचा आणि खरा लगाम. नकाशातले पार्किंग प्रत्यक्षात मोकळे आहे का, फाटक दाखवल्या जागीच आहे का, खणलेला फुटपाथ पूर्ववत केला का, हे त्यावेळी तपासायचे असते. ‘दाखला देण्यापूर्वी जागेवर पाहणी व्हावी आणि आमच्या हरकती नोंदवून घ्याव्यात’ असा अर्ज आजच आयुक्त आणि नगररचना विभाग दोघांकडे देऊन पोच घ्या. दाखला दिल्यावर तेच मागायला गेलात तर फाईल बंद झालेली असेल.

इमारत फार मोठी असेल, म्हणजे एकूण बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त, तर २००६च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे राज्यस्तरीय प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते. त्या मंजुरीत वाहतुकीच्या अटीही घालता येतात, आणि अटी पाळल्याचा अहवाल विकासकाला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो अहवाल सार्वजनिक कागद आहे. तुमच्या वर्णनावरून ही इमारत एवढी मोठी वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या इतर कोणाच्या शेजारी तशी असू शकेल.

बसथांबा हा तुमचा दुसरा अर्ज. बस कुठे थांबावी हे महामंडळ, पोलीस आणि महापालिका तिघांनी मिळून ठरवायचे असते, म्हणून एकाकडे गेलात की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. एकच पत्र तिघांच्या नावाने लिहा आणि तिन्ही कार्यालयांत वेगवेगळी पोच घ्या, म्हणजे टोलवाटोलवीला जागा उरत नाही. मागणी ‘जुना थांबा परत द्या’ एवढीच ठेवू नका. फाटकाच्या तोंडावर थांबा नको हे म्हणणे सुरक्षेच्या दृष्टीने बरोबर असू शकते. तुम्ही जागा सुचवा: फाटकापासून पुरेशी दूर, दिव्याच्या खांबाजवळ, सासूबाईंना रस्ता ओलांडावा लागणार नाही अशी. निवारा महापालिका बांधू शकते, आमदार निधीतूनही होतो. ‘तात्पुरता’ हा शब्द कोणी, कोणत्या कागदावर, कोणत्या तारखेपर्यंत लिहिला आहे, तेही विचारा. कागदच नसेल, तर थांबा कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून हलवला, हा प्रश्न नगरसेवकांना गल्लीसमोर विचारायचा आहे. त्यांची परीक्षा इथे आहे. त्यांना बस आणता येत नाही, पण थांब्याबद्दल सभेत प्रश्न मांडता येतो, नगररचनेच्या स्थायी समितीत या इमारतीच्या पार्किंगची पाहणी मागता येते, रस्त्यावर पडलेल्या खडीबद्दल अभियंत्यांना जागेवर आणता येते. यातलेही काही करायला ते तयार झाले नाहीत, तर मग गल्लीला त्यांच्याबद्दल जे वाटायचे ते वाटू द्या.

बससाठीचा तिसरा अर्ज विभागीय नियंत्रकांकडे. ‘बस वाढवा’ असे लिहिले की ते बाजूला पडते, कारण तेच वाक्य प्रत्येक उपनगरातून रोज येते. तुम्ही एका आठवड्याची नोंद ठेवा. मुलीलाच सांगा: कोणत्या वेळेची बस किती वाजता आली, आत शिरता आले का, थांब्यावर किती जण राहिले. त्यावरून मागणी एकच आणि नेमकी करा, जसे की सकाळी कॉलेजच्या वेळेला सीबीटीपर्यंत, म्हणजे शहर बस स्थानकापर्यंत, एक जादा फेरी, किंवा आहे ती फेरी पंधरा मिनिटे अलीकडे. गाडी आणि चालक तेच ठेवून वेळ बदलणे विभागाच्या पातळीवर होऊ शकते. आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना एक गोष्ट आवर्जून सांगा: शक्ती योजनेचे शून्य तिकीट मागून घ्या. ‘फुकटच आहे, कशाला हवे’ म्हणून पुष्कळ जणी ते घेत नाहीत, गर्दीत कंडक्टरही सोडून देतो. पण त्या मार्गावर तुम्ही प्रवास केलात याचा पुरावा तेवढाच. फेरी वाढवायची की बंद करायची, हे त्या आकड्यांवरून बघितले जाते, आणि सरकारकडून महामंडळाला मिळणारी भरपाईही त्याच्याशीच जोडलेली आहे.

अर्जाच्या भाषेबद्दल गल्लीत वाद झाला, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. घटनेच्या ३५०व्या कलमाने, केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडायचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. मराठीत अर्ज देणे हा तुमचा हक्क आहे आणि तो सोडू नये असेच मी म्हणेन. त्याच्यासोबत कन्नड प्रत जोडा. फाईल ज्या कारकुनाच्या टेबलावरून पुढे जाणार आहे त्याला ती एका बसणीत वाचता यावी, एवढाच त्यात हेतू. तुमच्या थांब्यावर कन्नड बोलणाऱ्या बायकाही उभ्या असतात, उर्दू बोलणाऱ्याही. त्यांच्या सह्या घ्या. सीमाभागात साध्या गटाराच्या प्रश्नालाही बघता बघता भाषेच्या भांडणाचे रूप येते आणि मग मूळ काम मागे पडते. हा प्रश्न तिकडे जाऊ द्यायचा नाही, हे गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी आधीच ठरवून टाकावे.

कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतून बस जाते अशा हिंडलगा, गणेशपूरच्या वाचकांनी लक्षात ठेवावे की कॅम्पातले रस्ते महापालिकेचे नाहीत. तिथला थांबा आणि पार्किंग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे मागायचे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत नवा ले-आऊट पडत असेल तर बुडाकडे जमीन वापर बदलाच्या जाहीर सूचनेवर हरकत घ्यायला मुदत असते. ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, ते पान वाचायची सवय ठेवा. निपाणी, खानापूरच्या वाचकांसाठी पार्किंग आणि थांब्याची वाट अशीच, बससाठी तिथल्या आगार व्यवस्थापकांकडे. आणि शिनोळी-चंदगडकडून येणाऱ्या एसटीची फेरी वाढवायची तर प्रकरण दोन राज्यांच्या परस्पर कराराचे असते, ते कोणत्याही पालिकेच्या आवाक्याबाहेर.

आता तुमचे दीर. गल्लीचा अर्ज त्यांना आपल्या घरावर उठल्यासारखा वाटला, कारण त्यात त्यांची इमारतच नको होती. नव्या अर्जांत तसे काही राहणार नाही. उलट, त्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर पार्किंगच्या जागी दुकान निघाले, तर पहिली गाडी रस्त्यावर लावायची वेळ त्यांच्यावर येईल. दाखल्याविना ताबा घेतला, तर पाण्याच्या जोडणीसाठी खेटे तेच घालतील. आणि ग्राहक म्हणून त्यांना काही गोष्टी तुमच्यापेक्षा सोप्या आहेत. पाचशे चौरस मीटरहून मोठा भूखंड किंवा आठहून अधिक फ्लॅट असलेल्या प्रकल्पाची रेराकडे, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते, आणि मंजूर नकाशा, पार्किंगची संख्या कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर बघता येते. पार्किंग नकाशाप्रमाणे मिळणार का, हे बिल्डरला लेखी विचारायचा हक्क त्यांना करारानेच आला आहे. एका रविवारी जेवायला बोलवा, जाऊबाईंनाही. आधी नकाशाचा फोटो समोर ठेवा आणि त्यांच्या फ्लॅटची गाडी कुठे लागणार ते त्यांनाच दाखवायला सांगा. पार्किंग आणि दाखल्याच्या अर्जावर त्यांची सही मिळाली तर ती गल्लीतल्या दहा सह्यांहून मोलाची, कारण ती त्या इमारतीतल्या माणसाची सही असेल. नाही मिळाली तरी तुम्ही त्यांच्या विरोधात काही मागितलेले नाही, हे त्यांना कळलेले असेल.

जुन्या अर्जावर ज्यांनी आधीच सह्या केल्या आहेत, त्यांना दुखवू नका. त्यांच्यातल्याच दोघांना सोबत घ्या आणि तो कागद बाजूला ठेवून तीन वेगळे लिहा: पार्किंग आणि दाखल्याचा महापालिकेला, थांब्याचा तिघांना मिळून, फेरीचा विभागीय नियंत्रकांना. ट्रकच्या वेळेसाठी वाहतूक शाखेला एक छोटे निवेदन पुरे, ‘सकाळी आठ ते दहा माल उतरवू नये’ एवढ्याच ओळीचे. ते सगळ्यात आधी द्या. मुलीच्या परीक्षा जवळ आल्या असतील, आणि चारांपैकी लवकर सुटण्यासारखी गोष्ट तीच आहे.